दुखणे गुडघ्याचे, दंड मूत्रपिंडास!

गेल्या महिन्यात आमचे एक जुने पक्षकार मृत्युपत्र करून घेण्यासाठी आमच्या कचेरीत आले होते. धान्याच्या अडतीचा त्यांचा धंदा, वय अद्याप साठीच्या आत, आणि व्यसन म्हणावे तर सुपारीचेही नाही. आजवर ते आले ते येण्या-देण्याच्या तंट्यासाठी. मृत्युपत्राची घाई कशासाठी, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी आपले सुजलेले पाय दाखविले, आणि दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जावे लागते, असे सांगितले. "वकीलसाहेब, दारू नाही की तंबाखू नाही. गुडघे धरत होते म्हणून दुकानावर बसण्यापूर्वी एक गोळी घेत होतो, एवढाच काय तो गुन्हा." गोळी किती दिवस घेत होता? "नऊ वर्षे." कोणाच्या सांगण्यावरून? "पहिली चिठ्ठी डॉक्टरांची होती, पाच दिवसांची. पुढे रिकामी पट्टी दाखविली की मेडिकलवाला नवी देत असे." रक्तदाबाचे औषध चालू आहे, हे त्या दुकानदारास ठाऊक होते काय? "त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही." आधीचा रक्तदाब आणि त्यावर ही रोजची गोळी, या दोहोंनी मिळून हा घात केला, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत आहे.

कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर पाच दिवसांच्या परवान्यावर नऊ वर्षांची वहिवाट झाली, आणि ती होत असता कोणीही हरकत घेतली नाही. हा प्रकार एका घरापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या वाचकांनी हे पत्र क्षणभर बाजूस ठेवून आपल्या घरातील औषधांचा खण उघडून पाहावा. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी एखादे नाव तेथे बहुधा सापडेल. आणि ते कोणी, कोणासाठी, किती दिवसांकरिता सांगितले होते, याचे उत्तर घरात कोणासही धडपणे देता येणार नाही. ही औषधे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या सांध्यास सूज आली आहे किंवा ज्याच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यास ती वरदानच होत. आमचे म्हणणे एवढेच की, औषधाचा गुण आणि औषधाचा अपाय ही दोन निरनिराळी सामर्थ्ये नसून एकाच सामर्थ्याची दोन कामे आहेत. आणि ते सामर्थ्य शरीरात काय करते हे समजून घेतल्यावाचून जो ते रोज वापरतो, तो आपल्या हाताने आपला घात करून घेतो.

गुडघ्यासाठी घेतलेली गोळी गुडघ्याकडे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निखालस चुकीची आहे. गोळीला गुडघा ठाऊक नसतो. ती पोटात विरघळते, आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरते, त्या रक्ताबरोबर प्रथम यकृतात जाते, आणि तेथून निसटलेला अंश हृदयामार्गे सर्व शरीरभर फिरतो. पुढे यकृत तिचे हळूहळू विघटन करते, व उरलेले अवशेष बहुतांशी मूत्रपिंडांच्या वाटे बाहेर पडतात. या प्रवासात जे थोडे औषध गुडघ्यापाशी पोचते, त्याचेच काम आपल्याला जाणवते. बाकीचे जेथे जेथे जाते, तेथे तेथेही ते तेच काम करीत असते, फक्त ते आपल्याला जाणवत नाही.

ते काम कोणते, हेही पाहू. शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली किंवा दाह सुरू झाला म्हणजे तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते, आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके इतकी हळवी होतात की नुसत्या स्पर्शानेही कळ उठते. ही द्रव्ये तयार करण्यासाठी पेशींना 'कॉक्स' या नावाचा एक विकर लागतो. वर सांगितलेल्या सर्व गोळ्या त्या विकराचे काम बंद पाडतात. द्रव्य तयार होत नाही, सबब सूज उतरते व वेदना थांबते. ही गोष्ट इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली उघडकीस आणली, आणि १९८२ साली त्यांस इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. याच जातीचे आद्य औषध जे आस्पिरीन, ते १८९९ पासून बाजारात होते. म्हणजे सत्तर वर्षे जग जी गोळी गिळत होते, ती काय करते हे जगास ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक झाले आहे; अज्ञानाची सबब आता कोणालाही सांगता येणार नाही.

आता अडचण अशी की, प्रोस्टाग्लँडिन हे केवळ दुखण्याचे द्रव्य नव्हे. तीच द्रव्ये जठरात, मूत्रपिंडात व रक्तात निराळी आणि अत्यंत उपकारक कामे करीत असतात. एका घराच्या झडतीचे वारंट हाती घेऊन शिपायाने साऱ्या पेठेची कुलुपे फोडावीत, तसा प्रकार या गोळीकडून होतो.

प्रथम जठराची गोष्ट घेऊ. आपण खाल्लेले अन्न पचविणारे जठरातील आम्ल इतके तीव्र असते की ते जठराच्या भिंतीलाही खाऊन टाकील. परंतु त्या भिंतीवर बुळबुळीत द्रवाचा एक लेप सदैव असतो, म्हणून ती वाचते. तो लेप राखण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनांकडे आहे. गोळीने ती बंद झाली की लेप विरळ होतो, आणि आम्लाने भिंतीस व्रण पडतो. त्यातच रक्त गोठविण्याच्या कामी येणाऱ्या प्लेटलेट नावाच्या कणांची शक्तीही याच गोळ्यांनी कमी होते. सबब त्या व्रणातून रक्त वाहू लागले तर ते लवकर थांबत नाही. यातील विशेष भयंकर गोष्ट ही की, जी गोळी व्रण पाडते तीच त्या व्रणाची वेदना झाकून ठेवते. डांबरासारखे काळे शौचास होणे किंवा एकाएकी घेरी येणे, हाच कित्येकांच्या बाबतीत पहिला इशारा असतो. गोळीऐवजी इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचते, असेही पुष्कळ लोक समजतात. परंतु हा अपाय गोळीच्या स्पर्शापेक्षा रक्तातून आलेल्या औषधामुळेच अधिक होत असल्याने, सुई टोचून घेतल्याने जठराची सुटका होत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत डेंग्यूची साथ आली असता आस्पिरीन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, असे जे डॉक्टर बजावून सांगतात त्याचे कारणही हेच. त्या तापात प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात, आणि वरून ही गोळी म्हणजे रक्तस्रावास आमंत्रण होय.

मूत्रपिंडाचा प्रकार याहून गुपचूप घडतो. मूत्रपिंडातील असंख्य सूक्ष्म गाळण्यांमध्ये रक्त एका बारीक वाहिनीने आत येते व दुसरीने बाहेर जाते. आतील दाब योग्य असेल तरच गाळण्याचे काम चालते. तरुण, निरोगी व भरपूर पाणी पिणाऱ्या मनुष्यास हा दाब राखण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनांची फारशी गरज लागत नाही. परंतु वय झाले, हृदय दुबळे झाले, जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हातान्हात घाम गाळून अंगातील पाणी आटले, म्हणजे आत येणारी वाहिनी उघडी ठेवण्याचे काम ती द्रव्येच करतात. अशा वेळी गोळी घेतली की ती वाहिनी आवळते. त्यातच रक्तदाबाची 'प्रिल' अथवा 'सार्टन' या अक्षरांनी संपणाऱ्या नावांची औषधे बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात, आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या अंगातील पाणी कमी करतात. या दोन्ही गोष्टी रक्तदाबाच्या रोग्यास हितकारकच असतात, आणि ती औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. परंतु त्यांत वेदनाशामकाची भर पडली म्हणजे पुढचे दार बंद, मागचे उघडे आणि विहीर आटलेली, अशी त्या गाळणीची अवस्था होते. आमच्या पक्षकाराच्या बाबतीत नेमके हेच घडले असावे. मूत्रपिंड दुखत नाही, तक्रार करीत नाही. त्याची बहुतेक शक्ती गेल्यावरच ते बोलते. बाजार समितीच्या आवारात भर उन्हात पोती वाहणारे हमाल संध्याकाळी पाठदुखीसाठी दोन गोळ्या घेऊन झोपतात. त्यांच्या जिवावर चालणाऱ्या पेढ्यांच्या मालकांनी या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

या औषधांचे मूत्रपिंडावर काय सामर्थ्य चालते, याचा एक जाहीर दाखला आपल्या देशाने डोळ्यांनी पाहिला आहे. १९९०च्या सुमारास हिंदुस्थानात गिधाडांची संख्या लाखांनी मोजली जात असे. पुढे थोड्याच वर्षांत ती अशी कोसळली की, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकड्यास नव्याण्णवांहून अधिक २००७ पर्यंत नाहीशी झाली. कारण कोणास कळेना. शेवटी २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला की, दुखण्यासाठी गुरांस जे डायक्लोफिनॅक दिले जाई, ते मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे बंद पाडीत होते. मुंबईतील मलबार टेकडीवर पारशी समाजाचे जे दोख्मे आहेत, तेथील शतकांची रीत गिधाडांवाचून अडून बसली, आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसविण्याची पाळी त्या समाजावर आली. सरकारने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. तरीही माणसांसाठी म्हणून निघणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या, तेव्हा २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरांहून मोठी नसावी असा नियम करावा लागला. मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे, आणि गिधाडास मारणारी मात्रा मनुष्यास मारील असे कोणी म्हणत नाही. परंतु गुराच्या दुखण्यावर दिलेले औषध कोणाच्या मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोचते, एवढा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही.

पोटास बाधू नये अशी गोळी शोधण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. रोफेकॉक्सिब नावाचे औषध त्याच हेतूने १९९९ साली मोठ्या गाजावाजाने निघाले. जठराचा विकर सोडून केवळ दाहाचा विकर बंद करावा, अशी त्याची रचना होती. परंतु त्याने हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो असे आढळून आल्यामुळे २००४ साली ते जगभरातून मागे घ्यावे लागले. डायक्लोफिनॅकही या दोषातून मुक्त नाही, हे पुढे सिद्ध झाले आहे. एका दाराचा धोका टाळावा तो दुसऱ्या दाराने आत येतो, असा हा अनुभव आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग आम्ही पॅरासिटामॉल घेऊ. ते तर लहान मुलांसही देतात. योग्य मात्रेत ते खरोखरीच पुष्कळ सौम्य आहे, आणि जठर व मूत्रपिंड यांस त्याचा उपद्रव बराच कमी. परंतु त्याचा हिशेब यकृताकडे असतो. या औषधाचा थोडा अंश यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो, आणि यकृताजवळचे ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ते विष तेथल्या तेथे निकामी करते. ही गंगाजळी मर्यादित असते. मात्रा फार झाली की ती संपते, आणि मग ते विष यकृताच्या पेशींनाच मारते. निरोगी प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी ४ ग्रॅम ही वरची मर्यादा समजतात. जो रोज मद्य घेतो, ज्यास पोटभर अन्न नाही किंवा ज्याचे यकृत आधीच बिघडलेले आहे, त्याची मर्यादा याहून कमी असते. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची आणखी वेगळी, अशा तीन नावांच्या तीन गोळ्या घेणाऱ्यास तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे याचा पत्ता नसतो. खाती तीन, पण नावे पडणारी रक्कम एकाच धन्याच्या अंगावर! मात्रा फार झाली तरी पहिला दिवस बहुधा सुखाचा जातो, आणि म्हणूनच रोगी घरी बसून राहतो. यावर उतारा आहे. परंतु तो पहिल्या आठ तासांत मिळाला तरच पुरता लागू पडतो.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. डॉक्टरकडे जावयाचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर फी द्यावी लागते. दुकानातील गोळी चार-दोन रुपयांत मिळते. गरिबाने काय करावे? हा प्रश्न खरा आहे. परंतु ज्यास डॉक्टरची फी परवडत नाही, त्यास डायलिसिस कसे परवडेल, याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे. दोन दिवस एखादी गोळी घेण्यास कोणी गुन्हा म्हणत नाही. दोन-चार दिवसांत दुखणे न हटले तर ते गोळीचे काम राहिले नाही, एवढे ओळखण्यास पैसा लागत नाही. आणि स्वस्त म्हणून जी बिननावाची 'देशी' पूड सांधेदुखीवर विकली जाते, तिच्यात स्टेरॉइड व हीच वेदनाशामके मिसळलेली तपासणीत वारंवार आढळली आहेत. आयुर्वेदाचे नाव घेऊन हे विकणारे लोक आयुर्वेदाचेच वैरी होत.

आता कायद्याकडे वळू. औषधांवर नियंत्रण असावे की काय, याची चौकशी करण्यासाठी १९३० साली चोप्रा समिती नेमली गेली, आणि पुढे १९४० साली औषधांचा कायदा झाला. त्याखालील नियमांच्या 'एच' परिशिष्टात जी औषधे आहेत, ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून किरकोळीने विकता येत नाहीत. डायक्लोफिनॅक त्यांत आहे, आणि तसा इशारा पट्टीवर छापलेलाही असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे असे ठरविले आहे. म्हणजे आमच्या पक्षकारास नऊ वर्षांत जितक्या पट्ट्या चिठ्ठीवाचून मिळाल्या, तितके नियमभंग झाले. १९४० चा कायदा परक्या राजवटीत झाला; तो पाळला गेला नाही तर आपण सरकारला दोष देऊन मोकळे होत असू. आज कायदा आपला, अधिकारी आपले, दुकानदार आपला आणि रोगीही आपलाच. आता दोष कोणास द्यावयाचा? स्वराज्य म्हणजे आपल्या हिताचे नियम कोणी दंडुका न उगारता पाळण्याची शक्ती, असे आम्ही समजतो. ती शक्ती औषधाच्या दुकानापाशीच का संपावी?

नियम पाळल्याने काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथे आस्पिरीन, फेनॅसेटिन व कॅफिन यांची मिश्र पूड किराणा मालाप्रमाणे मिळत असे, आणि थकल्या-भागल्या गृहिणींनी ती रोज घ्यावी अशा जाहिराती झळकत. परिणामी मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांची, विशेषतः स्त्रियांची, रीघ लागली. फेनॅसेटिन बंद झाले, आणि १९७९ साली अशा मिश्र पुडींची खुली विक्रीही थांबविण्यात आली. त्यानंतर या कारणाने होणारा मूत्रपिंडाचा रोग तेथे उतरणीस लागला. दुखणारी डोकी तेथे कमी झाली नव्हती. फक्त पूड सहज मिळेनाशी झाली.

सबब आमच्या सूचना अशा. ग्राहकाने औषध घेताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, जुना रक्तदाब, मधुमेह, पोटाचा व्रण व गरोदरपण यांची माहिती न विचारताही सांगावी, पावती घ्यावी, आणि दुकानातून निघण्यापूर्वी 'किती दिवस?' हा प्रश्न विचारावा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध कधी थांबवावयाचे तेही स्वच्छ अक्षरात लिहावे. दुकानदार हा मीठ-मिरची विकणारा नव्हे. त्याच्या परवान्यात विश्वास विकला जातो, हे त्याने विसरू नये. अन्न व औषध प्रशासनाने केवळ बनावट मालाचाच नव्हे तर चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीचाही शोध घ्यावा. औषधाने अपाय झालाच तर त्याची खबर देण्याची सोय देशात २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य मनुष्यही ती देऊ शकतो. आणि वर्तमानपत्रांनी, त्यांत आमचेही आलेच, झटपट आरामाच्या जाहिराती छापताना आपण कशाची दलाली घेत आहो, याचा विचार करावा.

नाव न छापण्याच्या अटीवर हे सर्व लिहिण्यास आमच्या पक्षकाराने परवानगी दिली, नव्हे आग्रह केला. कारण सही करून उठताना त्यांनी सांगितले की, आता गादीवर थोरला मुलगा बसतो, त्याचेही गुडघे धरू लागले आहेत, आणि तोही त्याच दुकानातून तीच गोळी आणतो. दुकान, घर व शेत यांची वाटणी मृत्युपत्राने झाली. ही सवय मात्र मृत्युपत्रावाचूनच बापाकडून लेकाकडे गेली आहे. हा वारसा नाकारण्यास कोणत्याही कोर्टात जावे लागत नाही. तो नाकारण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती आहे, आणि तो आजच बजावला पाहिजे.